वीस वर्षं झाली, आता सुपरविजन कशाला?

मागे एका सीनियर काउन्सेलरशी बोलणं चाललं होतं, विषय निघाला सुपरविजनचा, म्हणजे आपलं काम नियमितपणे दुसऱ्या जाणकारासमोर मांडून बघण्याचा, तर त्या म्हणाल्या, "अगं ते शिकणाऱ्या मुलांसाठी असतं गं, मला वीस वर्षं झाली या कामात, आता मला कोण काय सांगणार?" बोलण्यात अजिबात मग्रुरी नव्हती, त्यांना मनापासून तसंच वाटत होतं, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. कारण मीही काउन्सेलर आहे आणि काही वर्षं हेच मानत होते. ट्रेनिंगमध्ये सक्तीचे तास होते तेवढे भरले, सह्या घेतल्या, फाइल बंद केली. नंतर कधी एखादी केस फारच अडली तर एखाद्या मैत्रिणीला फोन करायचा, दहा मिनिटं बोलायचं, झालं.

आज माझं मत अगदी उलटं आहे आणि ते मी इथे स्पष्ट मांडणार आहे. जोपर्यंत काउन्सेलर किंवा सायकॉलॉजिस्ट क्लायंट बघतोय तोपर्यंत त्याला नियमित सुपरविजन सक्तीचं असलं पाहिजे, मग त्याला दोन वर्षं झालेली असोत की तीस. आणि तो सुपरवायझर त्याचा बॉस नसावा. या दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या तरच उपयोग आहे, एकच केली तर कधी कधी नुकसानच होतं, त्याच्याबद्दल पुढे लिहिते.

आधी शब्दाचाच घोळ. सुपरवायझर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारणारा माणूस येतो, नाहीतर कामावर देखरेख ठेवणारा. म्हणून अनेक जणांना आत कुठेतरी असं वाटतं की सुपरविजन म्हणजे आपल्यावर संशय. पण या कामात त्याचा अर्थ वेगळा आहे. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसासमोर, आपण क्लायंटबरोबर नक्की काय करतोय ते उघडं करून ठेवायचं, नाव-गाव झाकून, आणि दोघांनी मिळून ते बघायचं. ब्रिजिड प्रॉक्टर नावाच्या ब्रिटिश काउन्सेलरने १९८०च्या दशकात याची तीन कामं सांगितली होती ती मला अजूनही सगळ्यात नेमकी वाटतात: काम नीतीच्या चौकटीत राहतंय ना ते बघणं, कौशल्य वाढवणं, आणि दिवसभर दुसऱ्यांचं दुःख ऐकून रिकाम्या झालेल्या माणसाला परत उभं करणं. हे तिसरं काम लोक विसरतात. बर्नआउटवर एवढं बोललं जातं, वर्कशॉप होतात, पण ज्या काउन्सेलरला महिनामहिना कोणाशीच आपल्या केसबद्दल बोलता येत नाही तो थकणार नाही तर काय होणार.

आता माझं स्वतःचं सांगते. क्लायंटची ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

एक गृहस्थ यायचे माझ्याकडे, आठ-नऊ सेशन झाली होती, वेळेवर यायचे, दिलेलं काम करून आणायचे. तेव्हा मी नुकतंच परत सुपरविजन सुरू केलं होतं आणि माझ्या सुपरवायझर मॅडमना दर वेळी यांच्याबद्दल दोनच वाक्यं सांगायचे, "त्यांचं ठीक चाललंय, प्रोग्रेस आहे," आणि लगेच दुसऱ्या अवघड केसकडे वळायचे. एकदा मॅडम म्हणाल्या, "ज्याचं ठीक चाललंय त्याचंच रेकॉर्डिंग आण." क्लायंटची लेखी परवानगी घेऊन नेलं. आम्ही ऐकत बसलो. साधारण अर्ध्यावर त्यांचा आवाज येतो, "बाकी सगळं ठीक आहे, फक्त रात्री..." आणि ते थांबतात. दोन सेकंद. जेमतेम दोन. मग माझा आवाज, चांगला उत्साही, "झोपायची वेळ काय असते तुमची?" आणि त्यानंतर चार मिनिटं मी झोपेवर बोलते, मोबाइल लांब ठेवा, संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको, वगैरे वगैरे. ते प्रत्येक वाक्याला "हो, हो" म्हणतायत.

मॅडमनी रेकॉर्डिंग मागे नेलं. परत "फक्त रात्री..." आणि थांबवलं.

"ते काय सांगणार होते?"

मी म्हटलं, "झोपेचंच काहीतरी."

"झोपेचं तू सांगितलंस. ते काय सांगणार होते?"

मला उत्तर देता आलं नाही. माझ्या नोट्समध्ये त्या दिवशी लिहिलेलं होतं, झोपेची तक्रार, माहिती दिली. यातलं एकही अक्षर मी मुद्दाम खोटं लिहिलं नव्हतं. मला तेच आठवत होतं. म्हणजे मी नुसत्या आठवणीवर ती केस सुपरविजनला सांगितली असती तरी मॅडमना ती दोन सेकंदं कधीच दिसली नसती, कारण मलाच ती दिसली नव्हती!

मग त्यांनी विचारलं, या माणसासमोर तुला शांतता का सहन होत नाही. त्याला वेळ लागला. माझ्या घरातल्या एका आजारपणातल्या रात्री होत्या त्यामागे, ज्यांच्याबद्दल मला कोणाचंच ऐकायचं नव्हतं. ते तोंडावर आल्याबरोबर मॅडम म्हणाल्या, "हे तुझ्या थेरपीत ने, इथे आपण तुझ्या क्लायंटपुरतं बघू." ही रेघ त्यांनी इतक्या सहज ओढली की मला तेव्हा तिचं महत्त्व कळलं नाही. पुढच्या सेशनला मी त्या गृहस्थांना म्हटलं, मागच्या वेळी तुम्ही रात्रीबद्दल काही सांगता सांगता थांबलात आणि मी मध्येच बोलले, तेव्हा काय म्हणायचं होतं? बराच वेळ ते खाली बघत बसले. मग बोलले. काय बोलले ते इथे लिहिणार नाही, ते त्यांचं आहे, पण ते झोपेबद्दल नव्हतं आणि ते कळायला अजून एक महिना गेला असता तर चाललं नसतं.

नंतर मला आणखी एक गोष्ट जाणवली. ते मला सांगायचे "बाकी सगळं ठीक आहे" आणि मी मॅडमना सांगायचे "त्यांचं ठीक चाललंय". शब्दसुद्धा जवळजवळ तेच. क्लायंट आणि थेरपिस्टमध्ये जे चाललंय ते थेरपिस्ट आणि सुपरवायझरमध्ये उमटतं, हे हॅरॉल्ड सर्ल्स या अमेरिकन मनोविश्लेषकांनी १९५५ मध्येच लिहून ठेवलंय, मी ते परीक्षेसाठी पाठही केलं होतं. पण स्वतःच्या बाबतीत घडत असताना ते दिसत नाही, दुसरं कोणीतरी समोर बसलेलं लागतं.

तर मुद्दा हा आहे की आपल्याला आपलं काम दिसत नाही. हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही. २०१२ मध्ये स्टीव्हन वॉलफिश आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता, १२९ मानसिक आरोग्य व्यावसायिकांना विचारलं होतं की तुमच्यासारखंच काम करणाऱ्यांमध्ये तुम्ही स्वतःला कुठे ठेवाल. सरासरी उत्तर होतं ८० पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या ऐंशी जणांपेक्षा मी चांगला. चौघांमागे एकाने स्वतःला ९० किंवा त्याच्याही वर ठेवलं. आणि सरासरीच्या खाली? एकानेही नाही. आता गणिताच्या हिशेबाने निम्मे लोक मधल्या रेघेच्या खाली असणारच ना, ते कोण आहेत ते त्यांनाच माहीत नाही. मी त्यात असू शकते, तुम्ही असू शकता.

आणि वर्षांचं म्हणाल, तर २०१६ मध्ये सायमन गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी १७० थेरपिस्ट आणि साडेसहा हजारांहून जास्त क्लायंट यांची बऱ्याच वर्षांची माहिती तपासली. अनुभव वाढला तसे रिझल्ट सुधारले असतील असं आपण गृहीत धरतो, पण सरासरी बघितली तर किंचित, अगदी किंचित, खालीच आले होते. सगळ्यांचे नाही, काही थेरपिस्ट सुधारले. पण नुसती वर्षं गेली म्हणून माणूस आपोआप चांगला होतो हे काही त्यातून निघत नाही.

असं का होत असेल याचा मी खूप विचार केलाय. सर्जनचा टाका चुकला तर रक्त दिसतं. आमच्याकडे चूक दिसतच नाही. ज्याला उपयोग झाला नाही तो क्लायंट भांडत नाही, तो पुढच्या अपॉइंटमेंटला येत नाही, एवढंच. आम्ही फाइलवर ड्रॉप आउट लिहितो आणि मनाशी म्हणतो की त्याची तयारी नव्हती. जो राहतो तो बहुतेक वेळा सभ्यपणे "बरं वाटतंय" म्हणतो, कारण समोरच्याला वाईट वाटू नये याची त्याला आयुष्यभराची सवय असते, त्याच सवयीपायी तर कित्येक जण आमच्याकडे आलेले असतात. अशा बंद खोलीत वीस वर्षं काढली तर अनुभव वाढतो की एकच चूक वीस वर्षं पक्की होत जाते, हे बाहेरच्या डोळ्याशिवाय कळणार कसं?

ही काही नवी कल्पना नाही हो. १९२० मध्ये बर्लिनला मनोविश्लेषणाचं, म्हणजे फ्रॉइडच्या पद्धतीच्या थेरपीचं, क्लिनिक सुरू झालं तिथे माक्स आयटिंगॉन वगैरे मंडळींनी शिकणाऱ्यांच्या केसेस दुसऱ्या अनुभवी माणसाने नियमित ऐकायच्या अशी पद्धत बसवली. तेव्हा बुडापेस्टच्या मंडळींचं म्हणणं वेगळं होतं, ते म्हणायचे की शिकणाऱ्याचं स्वतःचं विश्लेषण, म्हणजे त्याची स्वतःची थेरपी, जो करतो त्यानेच त्याची पहिली केसही बघावी. बर्लिनवाले म्हणायचे दोन कामं, दोन माणसं. शंभर वर्षांपूर्वीचा हा वाद मला अजून ताजा वाटतो, कारण माझ्या मॅडमनी ओढलेली ती रेघ तिथून आलेली आहे. आणि रेकॉर्डिंगचं म्हणाल तर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सनी १९४०च्या सुमाराला, जेव्हा ग्रामोफोनच्या तबकड्यांवर रेकॉर्ड करावं लागायचं आणि दर काही मिनिटांनी तबकडी बदलावी लागायची, तेव्हा सेशन्स रेकॉर्ड करून विद्यार्थ्यांबरोबर ऐकली आणि १९४२ मध्ये एका क्लायंटच्या आठही मुलाखती नाव बदलून शब्दशः छापल्या. आज प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे आणि तरी बहुतेक सुपरविजन "मग तो असं म्हणाला, मग मी असं म्हटलं" यावरच चालतं.

इथे विरोधी बाजूचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडायला हवं, कारण ते हलकं नाही. सुपरविजनने क्लायंटला फायदा होतो याचा पुरावा कमकुवत आहे. एडवर्ड वॉटकिन्स यांनी २०११ मध्ये तीस वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला आणि ठामपणे काही म्हणता येत नाही असंच त्यांचं मत झालं. २०१६ मध्ये टोनी रूसमानिएर आणि सहकाऱ्यांनी २३ सुपरवायझर, १७५ शिकाऊ थेरपिस्ट आणि साडेसहा हजार क्लायंट बघितले, तर क्लायंटच्या रिझल्टमधल्या फरकात सुपरवायझर कोण होता याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी निघाला. मग कशाला करायची सक्ती, असं कोणी म्हटलं तर मला त्याचा राग येणार नाही.

पण जे मोजलं ते काय होतं हे बघा. १९९६ मध्ये निकोलस लॅडनी आणि सहकाऱ्यांनी शिकाऊ थेरपिस्टना विचारलं की तुम्ही सुपरवायझरपासून काही लपवता का, तर ९७ टक्के म्हणाले हो. लपवण्यात स्वतःच्या चुका होत्या, मार्कांची भीती होती, आणि खुद्द सुपरवायझरबद्दलची नाराजी होती. २०१४ मध्ये मायकेल एलिस आणि सहकाऱ्यांच्या ३६३ जणांच्या अभ्यासात ९३ टक्क्यांना मिळणारं सुपरविजन किमान पातळीच्याही खाली होतं, आणि ३५ टक्क्यांना तर त्यातून इजा होत होती. म्हणजे अडलेली गोष्ट झाकायची, बरी गोष्ट सांगायची, समोरच्याने मान डोलवायची, सही करायची, आणि मग मोजायचं की याचा क्लायंटला फायदा झाला का! कसा होईल?

उलट नीट केलेल्या सुपरविजनची चाचणी झालेली आहे. मॅथ्यू बॅम्बलिंग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये डिप्रेशनचे १२७ क्लायंट आणि १२७ थेरपिस्ट घेतले, काही थेरपिस्टना सुपरविजन दिलं, काहींना अजिबात नाही, कोणाला द्यायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. सुपरविजन असलेल्यांचे क्लायंट जास्त टिकले, त्यांचं थेरपिस्टशी नातं चांगलं जुळलं आणि लक्षणंही जास्त कमी झाली. एका अभ्यासावर सगळं उभं करू नये हे मान्य. त्यात सुपरवायझरने थेरपी सुरू व्हायच्या आधीही एक सेशन घेतलं होतं, त्याचाही वाटा असणार. पण तिथे सुपरवायझरला ट्रेनिंग होतं, काय बघायचं ते ठरलेलं होतं, लक्ष क्लायंटबरोबरच्या नात्यावर होतं. सुपरविजन बंद करा असा या सगळ्याचा अर्थ मी लावत नाही, नावापुरतं करणं बंद करा असा लावते.

आणि ते नावापुरतं होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे बॉस. कित्येक संस्थांमध्ये जो पगारवाढ ठरवतो, रजा मंजूर करतो, कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं की नाही ते बघतो, तोच सुपरवायझर. त्याच्यासमोर कोण म्हणेल की मला या क्लायंटचा राग येतो, किंवा मला हा क्लायंट आवडायला लागलाय आणि मी सेशन मुद्दाम लांबवतेय? ही दोन वाक्यं जिथे बोलता येत नाहीत तिथे सुपरविजन होत नाही, तिथे रिपोर्टिंग होतं. मी एका ठिकाणी काम केलंय जिथे दर आठवड्याच्या सुपरविजनमध्ये पहिला प्रश्न असायचा, या आठवड्यात किती केसेस क्लोज झाल्या. एक मुलगी होती तिथे, कामाला नवीन, तिच्या क्लायंटने आत्महत्येचा प्रयत्न केला तेव्हा त्या मीटिंगमध्ये तिला विचारलं गेलं की फॉर्म भरला होता का. भरला होता. पुढचा विषय. तिने त्याच वर्षी हे क्षेत्र सोडलं.

कॅलिफोर्नियातला तारासॉफ खटला आमच्या अभ्यासात सगळ्यांना असतो. १९६९ मध्ये विद्यापीठाच्या हॉस्पिटलमधल्या एका सायकॉलॉजिस्टला क्लायंटने सांगितलं की मी एका मुलीला मारणार आहे. त्याने कॅम्पस पोलिसांना कळवलं, पत्रही दिलं. पोलिसांनी त्या तरुणाला थोडा वेळ ताब्यात घेऊन सोडलं. मग, निकालात नोंदलेल्या हकिगतीप्रमाणे, मानसोपचार विभागाच्या प्रमुखांनी ते पत्र परत मागवलं, नोट्स नष्ट करायला सांगितल्या आणि पुढे काही करू नका असा आदेश दिला. ऑक्टोबरमध्ये त्या तरुणाने त्या मुलीचा, तातियाना तारासॉफचा, खून केला. १९७६चा निकाल आपण शिकतो तो धोक्यात असलेल्या माणसाचं रक्षण करण्याच्या जबाबदारीसाठी. मी मात्र ती हकिगत वाचताना दर वेळी त्या सायकॉलॉजिस्टपाशी थांबते. त्याच्या वरच्या माणसाकडे अधिकार होता, आणि अधिकाराने आदेश दिला, विषय संपला. स्वतंत्र सुपरवायझर असता तर ती मुलगी वाचली असती असा दावा मी करत नाही, तसं कोणीच म्हणू शकत नाही. पण "मला भीती वाटतेय, मी काय करू" हे म्हणायला आदेश देणाऱ्याशिवाय दुसरी एक खोली असायला हवी, एवढं तरी त्यातून दिसतं.

मग व्यवहारात काय करायचं. ब्रिटनमध्ये काउन्सेलरांच्या बीएसीपी या संस्थेच्या मान्यताप्राप्त काउन्सेलरला महिन्याला किमान दीड तास सुपरविजन लागतं आणि ते करिअरभर. ऑस्ट्रेलियात सायकॉलॉजिस्टना वर्षाच्या ३० तासांच्या व्यावसायिक शिक्षणात किमान १० तास पीअर कन्सल्टेशन करावं लागतं, म्हणजे बरोबरीच्यांसमोर आपलं काम मांडणं. अमेरिकेत मात्र साधारणपणे लायसन्स मिळेपर्यंत सुपरविजनखाली हजारो तास काम करायचं आणि लायसन्स हातात पडलं की सक्ती संपली. म्हणजे ज्या दिवशी माणूस पूर्ण एकटा काम करायला लागतो नेमकं त्याच दिवशी त्याच्यामागचा डोळा काढून घ्यायचा! हे मला कधीच पटलं नाही.

खर्चाचा प्रश्न खरा आहे, मी तो टाळणार नाही. नवीन काउन्सेलरची कमाई अनियमित असते आणि चांगला सुपरवायझर फुकट मिळत नाही, मिळूही नये. पण ज्या संस्था काउन्सेलर नेमतात त्यांनी सुपरविजनचे तास कामाचे तास धरावेत आणि बाहेरच्या सुपरवायझरची फी संस्थेने द्यावी. संस्थेच्या दृष्टीने हा कामाचाच खर्च आहे, सवलत नाही. स्वतंत्र प्रॅक्टिस करणाऱ्यांनी ग्रुप करावेत. मनोविश्लेषक मायकेल बालिंटनी १९५०च्या दशकात लंडनमध्ये साध्या फॅमिली डॉक्टरांचे असे ग्रुप चालवले, तेच वर्षानुवर्षं एकत्र बसून आपापल्या पेशंटबद्दल बोलायचे, ती पद्धत आजही चालू आहे. ग्रुपमध्ये एक धोका असतो, सगळे मित्र होतात आणि एकमेकांना सांभाळून घेतात. त्यावर मला एकच उपाय माहीत आहे, कथा नको, रेकॉर्डिंग आणा.

क्लायंट म्हणून जे हे वाचतायत त्यांच्यासाठीही एक. पहिल्याच सेशनमध्ये विचारा, तुम्ही सुपरविजन घेता का आणि माझ्याबद्दल तिथे बोललात तर माझं नाव सांगता का. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, तुमचा हक्क आहे. चांगला काउन्सेलर हे तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो आणि संमतीपत्रात लिहून देतो.

आमचा चौघींचा ग्रुप आहे, पंधरा दिवसांतून एकदा बसतो. सुरुवातीला ज्यांचं बोलणं सांगितलं त्या सीनियर ताई गेल्या वर्षी त्यात आल्या, सहा महिने फक्त आमचं ऐकलं, स्वतःचं काही आणलं नाही, आम्हीही मागितलं नाही. मागच्या महिन्यात त्यांनी पर्समधून फोन काढून टेबलावर ठेवला, म्हणाल्या, "सुरुवातीपासून नको लावू. एकतिसाव्या मिनिटापासून लाव, तिथे काहीतरी गडबड आहे, मला कळत नाहीये काय ते."